‘एकाच दाढेची दोन निदाने’ या रिव्ह्यूला क्लिनिकचे उत्तर

नमस्कार.

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आणि त्या शनिवारी सव्वा तास ताटकळत बसावे लागले त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र एक स्टार देऊन आपण लिहिले आहे की, ‘आधी सेन्सिटिव्हिटी म्हणून पेस्ट दिली, अकराव्या दिवशी त्याच दाढेचे रूट कॅनॉल सांगितले, म्हणजे एक तर पहिल्यांदा कळले नाही, नाहीतर दुसऱ्यांदा पैसे उकळले.’ नवे पेशंट आधी हेच वाचून येतात की नाही ते ठरवतात, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहिल्या दिवशी आपली तक्रार गार पाण्याने कळ येते, एवढीच होती. दाढेवर हिरडीलगत आडव्या घासण्याने पडलेली खाच स्पष्ट दिसत होती. अशा जागी आतले डेंटिन, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाखालचा थर, उघडे पडते, त्यातल्या अतिसूक्ष्म नलिकांमधला द्रव गार लागताच हलतो आणि नसेपर्यंत कळ जाते. मी बर्फाची कांडी आधी शेजारच्या दाताला आणि मग या दाढेला लावली. कळ आली, पण कांडी काढताच दोन-तीन सेकंदांत थांबली. ठोकून पाहिले तेव्हा दुखले नाही. या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे आणि एक्स-रेमध्ये ती पांढरीफटक दिसत असल्याने तिच्या आड काय आहे ते नीट कळत नाही. शिवाय नसेची सूज एक्स-रेत दिसतच नाही, मुळाशी हाड बरेच झिजल्यावर काळी छाया येते. एवढ्यावरून चांगल्या दाढेची नस काढायला मी धजावलो नाही. पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि रात्री दुखू लागले तर लगेच या, हेही सांगितले होते.

अकराव्या दिवशी आपण हातात गार पाण्याची बाटली घेऊन आलात आणि दर दोन मिनिटांनी घोट तोंडात धरत होतात. आडवे झाले की ठणका, गरम चहाने जीव जातो, गार पाण्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, ही नस परत सुधारण्यापलीकडे गेल्याची खूण असते, आणि तिथे पेस्टचे काम संपते.

आता ज्या गोष्टीचे मला खरोखर वाईट वाटले ती लिहितो. पहिल्या दिवशी आपण सकाळीच दुखण्याची गोळी घेऊन आला होतात, हे मला अकराव्या दिवशी आपल्या सौभाग्यवतींकडून कळले. फॉर्ममध्ये ‘सध्या चालू असलेली औषधे’ या रकान्यात आपण रेघ ओढली होती. गोळीच्या अमलाखाली बर्फाची आणि ठोकण्याची, दोन्ही तपासण्या फसू शकतात. त्या दिवशी तसे झालेच असेल असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, कारण नसेची अवस्था थोड्या दिवसांतही बिघडू शकते. मी तोंडी विचारायला हवे होते, हेही मान्य. परंतु पैसेच उकळायचे असते तर पहिल्याच दिवशी रूट कॅनॉल सांगून मोकळा झालो असतो. त्या दिवशी तपासणी आणि एक्स-रे मिळून ३५० रुपये घेतले, आणि पेस्ट तर आपण बाहेरच्या मेडिकलमधून घेतलीत. चौदा वर्षांत ‘उकळले’ हा शब्द कुणी माझ्यासाठी वापरला नव्हता.

यापुढे गोळीबद्दल प्रत्येकाला तोंडी विचारले जाईल आणि शनिवारच्या वेळांचेही काहीतरी करतो आहोत.

दाढेवर अद्याप कॅप बसलेली नाही. नस काढलेली, मोठी चांदी भरलेली दाढ कडक खाताना तडकू शकते, तेव्हा राग माझ्यावर ठेवा, पण कॅप लवकर बसवून घ्या. दुसरीकडे बसवणार असाल तर दोन्ही एक्स-रे काउंटरवर पाकिटात ठेवले आहेत, केव्हाही न्यावेत.