पांढरा-लाल पट्टा आणि बंद बेकरी

फ्रान्सच्या जंगलात माणूस हरवत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी अस्वल-बिस्वल, रात्रभर झाडावर वगैरे थ्रिलच्या अपेक्षेने वाचायला बसू नये. इथे झाडांवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर, अगदी कुणाच्या गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा रंगाचे पट्टे मारलेले असतात. वर पांढरा खाली लाल, की वाट बरोबर. त्याच दोन रंगांची फुली दिसली की मुकाट मागे फिरायचं. १९४७ साली लुआर नदीकाठी अशी पहिली लांब पल्ल्याची वाट आखली आणि आता देशभरात लहानमोठ्या सगळ्या वाटा मिळून पावणेदोन लाख किलोमीटरच्या वर जातात, आणि हे पट्टे रंगवतात कोण, तर हौशी स्वयंसेवक, ब्रश आणि डबा घेऊन, फुकट. हरिश्चंद्रगडावर पुसट झालेले बाण शोधण्यात ऐन तारुण्य घालवलेल्या माझ्या नवऱ्याला पहिला पट्टा बघून भरूनच आलं. मला मात्र दुपारपर्यंत कळलं की वाट इतकी चोख का रंगवलीय. कारण विचारायला वाटेत कुणी नसतंच. आणि खायला तर काहीच नसतं.

आम्ही तुलूजला राहतो. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, आणि जोडून सुट्टी आली की या माणसाच्या पायाला खाज सुटते. प्लॅन असा की ट्रेनने फिजाकला जायचं, तिथून थोडं चाललं की जी आर ६५१ नावाची वाट लागते, ती धरून सेले नदीच्या खोऱ्यातून उतरत जायचं, आणि ही नदी जिथे लॉट नदीला मिळते तिथून पुढे सँ-सिर्क-लापोपी गाठायचं. मी साधा प्रश्न विचारला, खायला काय घ्यायचं? तर म्हणे, "अगं, उगाच वजन कशाला, वाटेत गावं आहेत की."

गावं आहेत की! याच्या डोक्यात गाव म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव, जिथे तुम्ही एसटीतून उतरायच्या आत एखादी मावशी विचारते की दादा जेवण सांगू का, किती जण आहात, पिठलं-भाकरी करू का, आणि वर चढताना मध्येच कुणीतरी ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसलेलं असतंच असतं. इथल्या गावात दगडी घरं, खिडक्यांत फुलं, एक चर्च, एक मांजर. संपलं गाव.

दुकान असतं कधीकधी, नाही असं नाही, पण त्याच्या दारावर वेळांची पाटी असते आणि ती वाचायला वेगळं शिक्षण लागतं. मंगळवार ते शनिवार साडेसात ते साडेबारा, परत चार ते सात, बुधवारी दुपारी बंद, रविवारी फक्त सकाळी, सोमवारी बंद, सणवार असेल तर विचारूच नका. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलिऑं १७९० साली याच फिजाकमध्ये जन्मला, गावात एका चौकात, ती लिपी जिच्यावरून उलगडली त्या रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती जमिनीवर घातलेली आहे, तिच्यावर उभं राहून मला मनापासून पटलं की लहानपणी घरच्यांनी ब्रेड आणायला पाठवून पाठवूनच या पोराची तयारी झाली असणार.

वाट सुंदर आहे हो, त्यात वाद नाही. नकाशात बघितलं तर वाटतं नदीकाठाने आरामात चालायचं, पण ही वाट नदीला सारखी सोडून वरच्या चुनखडीच्या पठारावर चढते, तिथे बुटके ओक, दगडावर दगड रचून केलेले शेवाळलेले बांध आणि भयाण शांतता, आणि मग पुढचं गाव आलं की पुन्हा गुडघे मोडत खाली. एका बांधापलीकडे मेंढ्या होत्या, अंगाने पांढऱ्या आणि डोळ्यांभोवती काळे गोल, म्हणजे अख्खा कळप काळे गॉगल लावून आमच्याकडे बघत होता. त्या चरत होत्या. तोंडं सतत चालू. मला इतका हेवा कधी कुणाचा वाटला नव्हता.

रविवारी दुपारी पाणी संपलं. आता इथली एक रीत अशी की गावात पाणी कुठेच नाही मिळालं तर स्मशानात जायचं. खरंच. दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो, पिऊ नका अशी पाटी नसेल तर चालणारी मंडळी खुशाल बाटल्या भरून घेतात. तर आम्ही गेलो, लोखंडी फाटक करकरलं, नवरा नळाशी वाकलाय, मी दोन समाध्यांच्या मध्ये दगडावर टेकलेय, आणि नेमका सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"कुठे गं आहात? मागे ते क्रॉस कसले?"

"स्मशानात आहोत आई."

पलीकडे शांतता. मग एकदम, "कोण गेलं?"

"कुणी नाही हो, पाणी भरतोय."

यावर त्यांनी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. सासरे शांतपणे म्हणाले, थंड आहे का पाणी? होतं, छान थंड होतं. मागून सासूबाईंचा आवाज येत राहिला की घरात पाऊल टाकायच्या आधी दोघांनी डोक्यावरून आंघोळ करा म्हणावं.

गंमत म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी बाईंनी दारातच जवळपास तेच सांगितलं. बूट बाहेर, सॅक खोलीत न्यायची नाही कारण ढेकूण, काठ्या बादलीत, आधी आंघोळ, जेवण साडेसातला. साडेसात म्हणजे साडेसात. लांब टेबलाला आमच्याशिवाय सगळे साठी-सत्तरीचे, ज्यांनी दिवसभर आम्हाला चढावर "बोंजूर" म्हणत गाठून मागे टाकलं होतं, आणि या लोकांचा जेवताना एकच विषय, कालच्या मुक्कामी काय जेवलो. मी व्हेज आहे हे बुकिंग करताना कळवलं होतं, बाईंनाही ते नीट आठवत होतं, त्यांनी खास माझ्यासाठी म्हणून अक्रोड घातलेलं मोठं सॅलड आणलं आणि त्यावर तपकिरी काहीतरी चकचकत होतं. विचारलं तर बदकाच्या पोटातला कसलातरी भाग. मी म्हटलं, मांस आहे ना हे? त्या खरोखर गोंधळल्या, म्हणाल्या, नाही नाही, बदक आहे. या भागात बदक भाजीत मोडतं हे मला तेव्हा समजलं. ते नवऱ्याच्या ताटात गेलं आणि मी रोकामादूरचं बकरीचं चीज ब्रेडला फासून एवढं खाल्लं की शेजारच्या आजोबांनी स्वतःचं चीज माझ्याकडे सरकवलं.

सोमवारी तर काय, बघायलाच नको. पुढच्या गावात बेकरी आहे म्हणून सकाळी घाईने निघालो, पोचलो, पाटी, बंद. हा काही बेकरीवाल्याचा आळस नसतो, इथे कित्येक जिल्ह्यांत बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचा सरकारी आदेशच आहे, २०१८ साली एकाला सातही दिवस भट्टी चालू ठेवली म्हणून ३००० युरो दंड झाला होता. हे मला नवऱ्याने त्या बंद दारासमोर उभं राहून, फोनवरून, फार रस घेऊन वाचून दाखवलं. मी त्याच्याकडे नुसती बघत होते.

मग काब्रेरे लागलं, तिथे पेश मेर्ल नावाची गुहा आहे, आतल्या भिंतीवर ठिपक्यांचे घोडे, पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेले. आत जायला आधी बुकिंग लागतं म्हणून बाहेरूनच नमस्कार. नवरा म्हणाला, विचार कर ना, काय आयुष्य असेल त्या लोकांचं. मी केला विचार. त्यांना भूक लागली की ते भाला घेऊन निघायचे आणि समोरचा मॅमथ सोमवारी बंद नसायचा.

शेवटचा टप्पा मात्र लॉट नदीच्या अगदी काठाने, कड्याच्या पोटात खोदून काढलेली वाट, पूर्वी यावरून मालाच्या होड्या दोराने ओढत नेत, डोक्यावर खडक, बाजूला हिरवं पाणी, मी पण दहा मिनिटं भूक विसरले. मग वर सँ-सिर्क-लापोपी, टुरिस्टांनी फुल्ल भरलेलं, हॉटेलं चक्क उघडी, टेबलांवर माणसं! पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेटर अतिशय नम्रपणे म्हणाला, किचन दोनला बंद होतं मॅडम. आईस्क्रीम मिळेल.

अक्रोडाचं घेतलं. मग परत एकदा अक्रोडाचं. मग लाज सोडून तिसरं, व्हॅनिला, भाताच्या जागी.

समोर बसून नवरा फोनवर कॅलेंडर चाळत होता. १५ ऑगस्टला इथेही सुट्टी असते, मेरीमातेचा सण म्हणून, आणि ती जोडून येतेय का ते बघायचं चाललं होतं. एकदम चेहरा पडला त्याचा. शनिवारी आली होती.

मी तिथेच बसल्या बसल्या मनातल्या मनात झेंडावंदन केलं.