गावात रेल्वे आणायची आहे?

राजेहो, गावात रेल्वे आणायची ठरवलीच असेल, तर आधी ते निवेदन फाडून टाका. विद्यार्थ्यांची गैरसोय, रुग्णांचे हाल असलं काहीबाही लिहून रूळ पडत नसतात. माणूस म्हणून मागायला जाऊ नका, कापसाची गाठ म्हणून जा.

आपल्या नागपूरचंच बघा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये आणि १८६७ मध्ये जीआयपी या इंग्रजी रेल्वे कंपनीचे रूळ थेट नागपुरात. १४ वर्षं, मधे थळ घाट, आणि हाताशी ना जेसीबी ना ड्रोन. एवढी घाई का? अमेरिकेत यादवी पेटलेली, तिथला कापूस अडकलेला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा डोळा वऱ्हाडावर. त्यात कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी. धंदा बसला तरी व्याज चालू, भरणार रयत. असली हमी मिळाली तर आमच्या चौकातला पानठेलेवालासुद्धा भंडाऱ्यापर्यंत रूळ टाकून देईल.

दुसरी गोष्ट, दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, एकच ठेवू नका. छत्तीसगडकडे १८८० च्या सुमारास एक मीटरचं मीटरगेज टाकलं. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे आली, तिनं ते उखडून त्याहून रुंद ब्रॉडगेज केलं. मग नागपूरहून नागभीड (१९०८) आणि छिंदवाड्याला (१९१३) अरुंद नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर! गेज बदललं की पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं, म्हणजे हमालाच्या मानेलाही रोजगार.

ही नॅरोगेज पुढं मोठी करायची झाली, तर पहिलं काम म्हणजे चालती गाडी बंद करणं. छिंदवाड्याची २०१५ मध्ये थांबवली, नागभीडची २०१९ मध्ये. नागभीड जेमतेम १०६ किलोमीटर, पण २०२४ उलटलं तरी प्रवासी आपले एसटीतच होते. पोरांना गाडी बघायचीच असेल तर मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात न्या. ते २००२ मध्येच उघडलं, नागभीडची गाडी चांगली धावत असताना. याला म्हणतात नियोजन!

भूमिपूजन मात्र लवकर उरका. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, २००८-०९ चा प्रकल्प. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून गाडी कळंबपर्यंत पोचली, म्हणजे साधारण ३९ किलोमीटर. इंग्रजांना १४ वर्षांत मुंबईहून नागपूर गाठता आलं, कारण त्यांना दर निवडणुकीला नारळ फोडायला थांबावं लागत नव्हतं बिचाऱ्यांना.

तोवर तुम्ही हातावर हात धरून बसू नका. गावाबाहेरचं वावर घ्या, चुना मारून लेआउट पाडा आणि ‘नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटं’ असा फलक ठोका. स्टेशन नेमकं कुठं होणार, हे प्लॉट विकून झाल्यावर विचारा.