किती वेळ लागेल?

ज्याचा फोन बंद पडलाय त्याला ते कळवायचं, तेही फोनवरूनच, हा माझा धंदा. कऱ्हाडात मी फायबरचं, म्हणजे काचेच्या तारेवरचं, इंटरनेट देतो आणि त्याच काचेवर चालणारा लँडलाइन फोनही. जेसीबीवाल्यानं एक पंजा मारला की दोन्ही एकदम गार.

कुठं तुटलं हे शोधणं सोपं. ओटीडीआर यंत्र केबलीत प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून किती मीटरवर घोटाळा आहे ते सांगतं. पुढचं अवघड. पोरगं खड्ड्यात उतरतं. डोक्यावर छत्री, मांडीवर काच जोडायचं स्प्लायसिंग मशीन, चिमटीत 125 मायक्रॉनची, जवळपास केसाएवढी काच. अशा 24 जोडायच्या. निळीला निळी, नारिंगीला नारिंगी. दोन टोकं समोरासमोर आली रे आली, की खिशातला मोबाइल वाजतो. ''किती वेळ लागेल?'' पोरगं फोन काढायला जातं, काच सुटते, आणि लागणारा वेळ तिथल्या तिथं वाढतो.

म्हणून कळवायचं काम माझ्याकडे. 'तांत्रिक अडचण' असलं गुळमुळीत मी लिहीत नाही. 'ढेबेवाडी फाट्याजवळ केबल तुटली, तीन तास लागतील,' असं ग्रुपवर सरळ टाकतो. लगेच मंडईतल्यासारखी घासाघीस सुरू. ''दोन तासांत बसवा की!'' ''आमच्या गल्लीचं तेवढं आधी जोडा.''

ज्या आजोबांकडे मोबाइलच नाही, त्यांच्याकडे माणूस धाडला. ''आजोबा, तुमचा फोन बंद आहे.'' आजोबा म्हणाले, ''एवढंच सांगायला आलास? फोन करायचा, उगाच पेट्रोल जाळलंस.''

संध्याकाळी 'सेवा सुरू झाली' असं टाकलं. अंगठ्यांची रांग लागली. तेवढ्यात एका काकूंचा मोबाइलवरून फोन, ''आमचा बंदच आहे.''

''इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय का?''

''कुठलाच दिवा नाही.''

''काकू, पंखा फिरतोय का?''

''लाईट गेलीये. पण फोनला लाईट कशाला? आमचा जुना चालायचा की!''

खरंय. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा करंट थेट घरात यायचा. काचेतून येतो नुसता उजेड, म्हणून डब्याला घरची वीज लागते. मी सगळं समजावून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

''बरं,'' त्या म्हणाल्या, ''मग लाईट कधी येणार, तेवढं ग्रुपवर टाका.''