त्सुमागोत भडंग

आमचं घर इचलकरंजीत. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना, त्यामुळे मी जन्मल्यापासून खटॅक-खटॅकच्या तालावर झोपत आलोय. रात्री लाइट गेली की माग थांबायचे आणि अख्खी गल्ली दचकून जागी व्हायची. बोलायचं तेही मागाच्या वरताण. आई नुसतं ‘मीठ वाढ गं’ म्हणाली तरी नव्या पाहुण्याला वाटतं, घरात वाटणीवरून काहीतरी निघालंय.

असा मी ऑक्टोबरात जपानला गेलो. नागोयाजवळ नव्या एअरजेट मागांचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. मधे दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने बराच विचार करून सुचवलं, ‘तुम्ही त्सुमागोला जा. फार शांत आहे.’ हे त्याने माझ्या आवडीकडे बघून सुचवलं की माझ्या आवाजाकडे, ते त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्सुमागो नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, डोंगरातून क्योतोला जाणारा नाकासेन्दो नावाचा जुना रस्ता होता. त्यावर 69 मुक्काम, त्यातला हा 42वा. रेल्वे आली आणि गाव बाजूला पडलं. मग 1971 साली गावकऱ्यांनी मिळून ठरवलं : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. (आमच्याकडे नेमकी हीच तीन कामं करणाऱ्याला बिल्डर म्हणतात.) विजेच्या तारा घरांच्या मागून नेल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी केली. थोडक्यात, गावात आवाज करील असं काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. मी बसमधून उतरेपर्यंत.

साडेचार वाजले होते. पर्यटक परतलेले, दुकानांच्या फळ्या लागत आलेल्या. दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं आणि मधून मी, चोवीस किलोची बॅग ओढत. बॅगेच्या चार चाकांपैकी एक मुंबईच्या विमानतळावरच रुसलं होतं. ग्रर्र-टक. ग्रर्र-टक. तो आवाज समोरच्या घरावर आपटून परत माझ्याकडेच यायचा. अंगण झाडणाऱ्या एका गृहस्थांनी झाडू थांबवला, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. जपानी नमस्काराला पुष्कळ अर्थ असतात. हा बहुतेक ‘होऊ दे तुमचं’ असा होता.

पुढे ‘मासुगाता’ लागली. चालून येणाऱ्या शत्रूला वेग घेता येऊ नये म्हणून रस्ता मुद्दाम काटकोनात वळवून ठेवलाय, खाली दगडी फरसबंदी आणि पायऱ्या. शत्रूचं काय झालं माहीत नाही, माझी बॅग तिथेच अडली. 1861 साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्न करायला क्योतोहून एदोला निघाली ती याच नाकासेन्दोने, हजारोंचं वऱ्हाड घेऊन. त्या वऱ्हाडाने माझ्या एका चाकाएवढा गलका केला असेल असं मला वाटत नाही. शेवटी बॅग ज्वारीच्या पोत्यासारखी खांद्यावर मारली आणि मुक्काम गाठला.

मुक्काम एका मिन्शुकुत होता. मिन्शुकु म्हणजे घरातल्याच चार खोल्या पाहुण्यांना देतात, जेवण घरचंच. चालवणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या तरी असाव्यात. त्या चालायच्या तेव्हा जमिनीला पत्ता लागत नव्हता. माझ्या खोलीला चटयांची जमीन आणि कागद लावलेली सरकती दारं. पलीकडच्या खोलीत एक वयस्क जपानी जोडपं उतरलं होतं. त्यातले आजोबा माहितीपत्रकाचं पान उलटायचे ते मला ऐकू यायचं. म्हणजे मी काय काय करणार, तेही त्यांना ऐकू जाणार. मी बॅगेची चेन उघडायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. टूथब्रश आतच राहिला.

जेवणाआधी अंघोळ. बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग हिनोकी लाकडाच्या टबात नुसतं डुंबायचं, एवढं मला ठाऊक होतं. डुंबलोही. काय सुख! पण बाहेर आलो आणि हाताने घात केला. आपल्यामागे न्हाणीघर स्वच्छ असलं पाहिजे, ही आईची शिकवण. मी टबाचं बूच उपटलं.

ते पाणी सगळ्या घरासाठी असतं. एकामागून एक सगळे त्याच पाण्यात उतरतात, म्हणून तर बाहेर आधी अंग घासायचं. हे मला कळलं ते पाण्याने ‘गुडगुडगुड-घ्रोंऽऽ’ असा आवाज काढल्यावर. बिनआवाजाच्या आजी पहिल्यांदाच धावताना ऐकू आल्या. मी बूच परत ठोकलं आणि दारामागून ‘सुमिमासेन, सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा, माफ करा’ असा जप लावला. शिकलेल्या तीन जपानी शब्दांपैकी हा एकच शब्द मी महिनाभराचा तेव्हाच वापरून टाकला. आजी बाहेरून काहीतरी समजुतीचं बोलल्या. मग परत नळ सोडल्याचा आवाज, आणि जेवणाच्या खोलीत वाट पाहत बसलेले शेजारचे आजोबा. त्यांची अंघोळ अर्धा तास लांबली. त्यांनीही मला वाकून नमस्कार केला.

जेवायला रानभाज्या, नदीतला भाजलेला मासा आणि शेवटी सोबा, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या नव्हे, कुट्टूच्या पिठाच्या लांबलचक शेवया. तोवर एकमेकांशी कुजबुजत बोलणाऱ्या त्या जोडप्याने सोबाची वाटी तोंडाला लावली आणि जो काय ‘सुर्रर्रर्र’ असा आवाज काढला, मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. सोबा असाच खायचा असतो! आजीसुद्धा माझ्याकडे आशेने बघत होत्या. आता लहानपणी चहाचा फुरका मारला म्हणून वडिलांनी मला पाहुण्यांदेखत टपली मारली होती. अख्ख्या घरात तेवढा एकच आवाज आम्हाला वर्ज्य. मी हुंकारसुद्धा न काढता सोबा संपवला. आजींचा चेहरा पडला. बहुतेक आवडला नाही असं वाटलं असणार.

जेवण साडेसहाला आटोपलं आणि नऊ वाजता मला भूक लागली. बाहेर काही उघडं असण्याचा प्रश्नच नव्हता. बॅगेत जयसिंगपूरचं भडंग होतं.

भडंग गुपचूप खाता येत नाही. मी हे आता प्रयोगाअंती सांगू शकतो. आधी पिशवी. प्लॅस्टिक सावकाश फाडलं तर आवाज कमी होत नाही, नुसता लांबतो. म्हणून पांघरुणात शिरलो. मग चिमूटभर भडंग जिभेवर ठेवून तोंड मिटलं आणि वाट पाहिली. चुरमुरे विरघळले, लसूण उरला. लसूण चघळता येतो. पण शेंगदाणा? तो काही केल्या मऊ होईना. मी पलीकडचे आजोबा खोकायची वाट बघत बसलो. ते खोकले की मी एक दाणा फोडायचो. त्यांची तब्येत उत्तम होती. पाऊण तासात माझे चार दाणे झाले.

पाचव्यावर दात ठेवला आणि फोन वाजला. आई. तिकडे साडेसहा झाले होते, मागांची पाळी जोरात.

‘हॅलोऽऽ! जेवलास का?’

‘हो,’ मी पांघरुणातून कुजबुजलो.

‘काय? घसा बसलाय तुझा? थंड पाणी पिऊ नकोस म्हटलं होतं!’

‘बसला नाही. इथं शांत आहे.’

‘कोण शांत झालं? अरे, कोण गेलं?’

मी फोन बंदच करून टाकला. पलीकडे दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला.

सकाळी बॅग माहिती केंद्रात देऊन टाकली. तिथून ती गाडीने पुढच्या मुक्कामाला, मागोमेला जाते आणि आपण डोंगरातून आठेक किलोमीटर चालत जायचं. बॅग सोडताना खांद्यावरून भूत उतरल्यासारखं वाटलं. निघताना आजींनी हातवारे करून मला काहीतरी बजावलं. दोन्ही हातांची नखं दाखवून ‘गर्र’ केलं, मग हवेत दोरी ओढल्यासारखं. मला वाटलं, रात्रीच्या माझ्या घोरण्याबद्दल असेल.

पंधरा मिनिटं चढल्यावर अर्थ लागला. वाटेच्या कडेला खांबावर पितळी घंटा, खाली पाटी : इथे अस्वलं आहेत, घंटा जोरात वाजवा. थोड्या अंतरावर आणखी एक. म्हणजे या खोऱ्यात गोंगाट करणं हा नियम होता, फक्त जागा चुकत होती! मी दोरी धरली. आणि खोटं कशाला सांगू, हात उठेना. एका रात्रीत मी असा काही वळणावर आलो होतो की घंटा ‘टिंग’ एवढीच वाजली. त्या टिंगने अस्वल काय, खारसुद्धा हलली नसती. पुढच्या घंटेलाही तेच. मागून रात्रीचं जोडपं येत होतं. त्या आजोबांनी दोरी धरून घंटा अशी बडवली की झाडांवरची पाखरं उडाली, आणि माझ्याकडे बघून हसले.

एवढ्यात फोन वाजला. रात्रीपासून आईला झोप नव्हती.

‘हॅलोऽऽ! अरे, बोलत का नाहीस? कोण गेलं ते तरी सांग!’

मी फोन स्पीकरवर टाकला आणि हात लांब करून समोर धरला.

‘आई, कोणी गेलं नाही. तू बोल. आणखी मोठ्याने बोल.’

तिने पाण्याच्या पाळीपासून सुरुवात केली. पुढच्या तीन घंटा मला वाजवाव्या लागल्या नाहीत.