‘थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा’ : त्या फॉरवर्डमधल्या पाच मुद्द्यांविषयी

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणी, ऑफिसातला एक सहकारी आणि शेवटी नाशिकची मावशी. वर ‘थेरपीच्या नावाखाली चाललेली लूट’ असं ठळक शीर्षक, खाली जोडलेले हात, मधे पाच मुद्दे. थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा. कोणीही पाटी लावून बसतो, तपासायची काही सोय नाही. पद्धतींची नावं वेगळी, माल एकच; तेव्हा जायचंच असेल तर घराजवळचा गाठा. एकदा अडकलात की वर्षानुवर्षं सुटका नाही. आणि मुळात हे मुंबई-पुण्यातल्या पैसेवाल्यांचे चोचले.

मी डोंबिवलीची. काही वर्षांपूर्वी मला लोकलमध्ये पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक धडधड आणि गळा आवळल्यासारखं होऊन भीतीचा झटका, यायला लागले आणि दीड वर्षात मी तीन थेरपिस्ट पाहिले. पहिला अनुभव इतका वाईट होता, की तेव्हा हा मजकूर हाती लागला असता तर मीच तो पुढे ढकलला असता. त्यामुळे मुद्दे झटकून टाकत नाही, एकेक घेते.

आधी गप्पा. हे काम पूर्वी आजी, शेजारीण आणि कट्टा फुकट करायचे, असं त्यात म्हटलंय. माझी आजी ते खरंच करायची, आणि छान करायची. पण मला पहिला अटॅक आला तेव्हा आई, मावशी आणि दोन मैत्रिणी अशा चौघींनी एकच सल्ला दिला : काही दिवस लोकल सोड, कॅबने जा. पोटतिडकीने दिलेला, आणि पॅनिकच्या बाबतीत नेमका उलटा. टाळलं की हायसं वाटतं, त्या हायसं वाटण्यानेच भीती पक्की होते, आणि मग लोकलनंतर लिफ्ट, लिफ्टनंतर बँकेतली रांग असं करत टाळायच्या जागा वाढत जातात. चार महिन्यांत माझं नाटकाला जाणंही बंद झालं होतं. मी, जी महिन्याला दोन नाटकं बघायची.

तिसऱ्या थेरपिस्टबाईंनी चौथ्या भेटीत ड्रॉवरमधून एक स्ट्रॉ काढून माझ्या हातात दिली. नाक दाबून एक मिनिटभर फक्त हिच्यातून श्वास घ्या, म्हणाल्या. वीस सेकंदांत तोच गळा आवळल्याचा भास, तीच धडधड. बाई घड्याळ बघत बसलेल्या. मिनिट झाल्यावर त्यांनी विचारलं, भीती दहापैकी किती? आठ. काय होईल असं वाटलं? चक्कर येऊन पडेन. पडलात? नाही. मग पुन्हा. पाचव्या खेपेला आकडा तीनवर आला होता. नंतर खुर्चीत गोल फिरणं, आणि नंतर भरदुपारची मोकळी स्लो लोकल : डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन, उतरायचं आणि परत यायचं. पुढच्या आठवड्यात दिवा. मग मुंब्रा, कळवा, ठाणे. दर वेळी वहीत आकडा. (हे वाचून घरी स्ट्रॉ घेऊन बसू नका. माझा ईसीजी आणि थायरॉइड आधी तपासून झालं होतं. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना हे असं देत नाहीत.) ह्यात बोलणं होतं, भरपूर होतं. पण कुठल्या क्षणी काय करायचं आणि का करायचं, ते बाईंना आधीच ठाऊक होतं.

दुसरा मुद्दा, पाटीचा. हा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घोटाळा करतो.

मराठी वर्तमानपत्रं सगळ्यांना सरसकट ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेले डॉक्टर. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. ते गोळ्या लिहून देऊ शकतात, बाकीचे नाही. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट : बहुतेकांचं एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी. ही परिषद १९९२च्या कायद्याने चालते. तिच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी बघता येते. मला दोन मिनिटं लागली. म्हणजे ‘तपासायची सोय नाही’ हे खोटं.

खरा अर्धा भाग पुढे आहे. समुपदेशक किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणारे पुष्कळ जण आरसीआयच्या कक्षेत येत नाहीत. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचा समावेश आहे, पण त्याची घडी अजून नीट बसलेली नाही. शहरातले पुष्कळ चांगले थेरपिस्ट या गटात सापडतात, आणि भोंदूही याच गटाच्या आडोशाला उभे राहतात. माझ्या पहिल्या बाईंच्या कार्डावर नावापुढे पाच इंग्रजी अक्षरं होती. ती कसली, हे मी चार भेटींचे पैसे भरून झाल्यावर शोधलं : एका ऑनलाइन कोर्सचं लघुरूप. त्या चार भेटींत मला कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगितली गेली आणि ‘निगेटिव्ह विचारांना एंट्रीच देऊ नका’ असा सल्ला मिळाला. तिसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःच्या घटस्फोटाबद्दल वीस मिनिटं सांगितलं. मी पाणी आणून दिलं.

तर नोंदणी नसेल तिथे काय बघायचं? मी आता पहिल्या फोनवरच विचारते : एमए कुठून, प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, आणि आजही सुपरव्हिजन कोणाकडे घेता? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. जे थेरपिस्ट स्वतःच्या केसेस एखाद्या ज्येष्ठाला नियमित दाखवतात, त्यांना तो विचारल्याचा आनंदच होतो. ज्यांना राग येतो त्यांचा नंबर मी खोडते. हा माझा नियम, शास्त्र नव्हे. आणि ‘तीन भेटींत शंभर टक्के बरं करतो’ म्हणणाऱ्याची तर पदवीसुद्धा विचारायची गरज नाही.

तिसरा मुद्दा : सगळ्या पद्धती सारख्याच. गंमत म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत नसेल, पण ह्या वाक्याला संशोधनाचा थोडा आधार आहे. सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं, की वेगवेगळ्या थेरपींचे निकाल साधारण सारखे येतात, तेव्हा त्यांच्यात काहीतरी समान असावं. त्या समान गोष्टींतली एक म्हणजे थेरपिस्ट आणि पेशंट यांची जुळलेली तार. २०१८मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा ही तार आणि गुण येणं यांचा संबंध पुन्हा दिसला. पद्धत कुठलीही असो. संबंध मध्यम होता, पण सातत्याने होता.

पण सरासरी ही सरासरी असते. तुमचा आजार सरासरी नसतो. दिवसातून चाळीस वेळा हात धुणाऱ्या माणसाला बालपणाबद्दल दोन वर्षं बोलत ठेवणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. ह्या आजारासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, ठरलेलं काम आहे, हात न धुता ती बेचैनी सहन करण्याचा पायरीपायरीने सराव. पॅनिकचं मी वर सांगितलंच, ते सीबीटीतलं, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीतलं. भावनांचा उद्रेक होऊन स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी मार्शा लिनहान या मानसशास्त्रज्ञ बाईंची डीबीटी आहे, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी. अपघात, अत्याचार असं काही मनात रुतून बसलं असेल तर त्यासाठी शिकलेली माणसं वेगळी. आणि ‘प्रत्येक नात्यात माझं असंच का होतं’ हा प्रश्न असेल, तर तिथे मात्र बालपणाबद्दल बोलणारी सायकोडायनॅमिक थेरपी कामाची. नैराश्यात पुष्कळ पद्धती चालतात, तिथे तार जुळणं पहिलं बघावं.

‘घराजवळचा गाठा’ यात मात्र शहाणपण आहे. दर आठवड्याला डोंबिवलीहून बांद्र्याला जाऊन येणं म्हणजे अख्खी संध्याकाळ, आणि पाऊस पडला की भेट रद्द. ऑनलाइन हा उपाय, पण दोन खोल्यांच्या घरात बोलायचं कुठे? मी तीन सेशन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून केलेत. चौथ्याला खालच्या काकू वाळवण घेऊन वर आल्या.

अंतरापेक्षा मला भाषा जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. पहिल्या बाईंशी मी इंग्रजीत बोलायचे, कारण त्या इंग्रजीत सुरू करायच्या. तिथे मी ‘अँग्शस’ असायचे, ‘ओव्हरव्हेल्म्ड’ असायचे. जणू एचआरला मेल लिहितेय. छातीत धस्स होतं, पायातलं बळ जातं, जीव नकोसा नाही पण जीव थाऱ्यावर नाही, हे मी पहिल्यांदा मराठीत सांगितलं आणि समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, ‘धस्स आधी होतं की विचार आधी येतो?’ सगळं काम त्या प्रश्नावरून पुढे सरकलं. थेरपी इंग्रजीतच होते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमाराला मांडलेली, अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मुंबईत बसून मराठीत रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठीतून हेच काम करते आहे.

चौथा, सुटका नाही. तिसऱ्या बाईंकडे माझ्या एकूण भेटी चौदा झाल्या, शेवटच्या तीन पंधरा दिवसांच्या अंतराने. मी एकटी म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून एक जुना, बराच उद्धृत केला जाणारा अभ्यास सांगते : १९८६चा. त्यात आठ भेटींपर्यंत साधारण निम्म्या लोकांना मोजता येईल इतका फरक पडला होता, सव्वीस भेटींपर्यंत पाऊणएक लोकांना. उरलेल्यांना जास्त लागतं. काहींना काही वर्षं लागतात, मधुमेहवाल्याला जसं कायम डॉक्टरकडे जावं लागतं तसं. त्यात फसवणूक शोधायची गरज नाही. आठ-दहा भेटींनंतरही तसूभर फरक नसेल आणि थेरपिस्ट स्वतःहून तो विषय काढत नसेल, तर आपण काढावा.

आणि अडकवण्याबद्दल : दुसऱ्या बाई दादरला होत्या, हुशार, शांत. सहाव्या भेटीत त्याच म्हणाल्या, तुमच्या वडिलांबद्दल आपण नंतर बोलू, आधी लोकल सुटायला हवी, आणि ते काम माझ्यापेक्षा दुसऱ्या एक जणी चांगलं करतील. नाव दिलं, माझ्या परवानगीने अर्ध्या पानाचं टिपण लिहून दिलं. त्यामुळे ‘पहिल्यापासून सगळं सांगा’ हेही फारसं झालं नाही.

पाचवा मुद्दा, चोचले. खासगीत मी भेटीला दीड हजार द्यायचे. महिन्याचे सहा हजार. माझ्या पगारात ते टोचत होतं, आणि ज्यांचा पगारच वीस हजार त्यांनी काय करावं, ह्या प्रश्नाला ‘मनाची काळजी घ्या’ हे उत्तर नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात. दर आठवड्याची फी खिशातूनच जाते. इथपर्यंत फॉरवर्डचा राग मला मान्य.

पण ह्याच मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजेच्या मनोविकार ओपीडी आहेत. तिथे केसपेपरचे पैसे आपल्या वडापावच्या हिशेबातले असतात. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन रांगेत बसावं लागतं, डॉक्टर पहिल्या दिवशी तासभर देणार नाहीत. तरी तिथे थेरपीबद्दल स्वतःहून विचारावं. न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गोळ्यांवरच घरी पाठवलं जातं. खासगीतही पुष्कळ जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, पाटीवर लिहीत नाहीत, फोनवर विचारलं तर सांगतात. आणि रात्री दोन वाजता कोणाशी तरी बोलायलाच हवं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे : १० ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

शेजारच्या गोव्याचं उदाहरण तर फॉरवर्डच्या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मुद्द्याला एकदमच लागू पडतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींची थेरपी दिली. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी, थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. ‘बघा, पदवी लागतच नाही’ असं कोणी म्हणायच्या आत सांगते : त्या समुपदेशकांना ठरलेली पद्धत होती, प्रशिक्षण होतं, आणि त्यांचं काम सतत तपासलं जात होतं. माझ्या पहिल्या बाईंकडे यातलं एकही नव्हतं.

मावशीने फॉरवर्डखाली स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘आणि ऑफिसात कळलं म्हणजे?’ त्याच २०१७च्या कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर उपचार करणाऱ्याला बाहेर बोलता येत नाही. हे अपवाद कुठले, ते चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत सांगतो. तिला तसं कळवलं.

मजकुराच्या तळाशी सही आहे, ‘एक अनुभवी डॉक्टर’. नाव नाही, पदवी नाही, नोंदणी क्रमांक नाही.