डीएमए ड्रायव्हर सोपा कसा करावा

लिनक्स कर्नलमधला एखादा जुना डीएमए ड्रायव्हर (प्रोसेसरला मध्ये न घेता डिव्हाइसला थेट मेमरीत लिहू-वाचू देणारा) तुमच्या गळ्यात पडलाय? घाबरू नका. कोड वाचत बसायची नसती उठाठेव तर मुळीच करू नका. थेट कात्री चालवा.

सुरुवात मॅपिंगपासून. बफर (डेटा ठेवायची मेमरीतली जागा) मॅप करा, म्हणजे डिव्हाइसला चालेल असा त्याचा पत्ता मिळवा, मॅपिंग फसलं का ते तपासा, काम झालं की अनमॅप करा, हे सोपस्कार हवेत कशाला? डिव्हाइसला फिजिकल पत्ता टेकवा आणि मोकळे व्हा. आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेले पत्ते तपासून बदलणारं हार्डवेअर) आडवं आलं तर बायोसमधून तेच बंद करा. बफरसाठी वेगळी मेमरी मागू नका, स्टॅकवरच (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) एक अ‍ॅरे घ्या. 2016 साली 4.9 आवृत्तीत एक्स86-64 वर स्टॅक व्हीमॅलॉकच्या (फिजिकल पत्ते सलग असतीलच असं नसलेल्या) मेमरीत ठेवायची सोय आली आणि असा शॉर्टकट मारणारे यूएसबी ड्रायव्हर आडवे झाले, हे खरं. पण ते यूएसबीवाले. तुमचं वेगळं.

मग कॅशचे सिंक, म्हणजे कॅश (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) आणि मुख्य मेमरी जुळवून घेणाऱ्या ओळी. तुमच्या लॅपटॉपवर कॅश आणि मेमरीचा मेळ हार्डवेअरच घालतं, तेव्हा या ओळी काढल्या तरी काही बिघडत नाही. बिघडत नाही, म्हणजे त्या फालतूच! असा मेळ न घालणाऱ्या एखाद्या आर्म बोर्डावर डिव्हाइस मेमरीत ताजा डेटा लिहील आणि प्रोसेसर कॅशमधला शिळा वाचेल. तेही दर वेळी नाही. शिळी कॅशलाइन मध्येच बाहेर फेकली गेली, तर डेटा अगदी बरोबर येईल. तक्रार करणाऱ्याला स्वतःचाच बग पुन्हा दाखवता येत नाही, मग तो बग कसला?

डोअरबेलच्या (डिव्हाइसला ‘काम सुरू कर’ सांगणाऱ्या रजिस्टरच्या) आधीचा बॅरियर, म्हणजे मेमरीतलं लिखाण त्याआधीच पोहोचेल याची हमी देणारी ओळ, याच न्यायाने उडवा.

डीएमए मास्कची, म्हणजे कार्डाला किती बिटांचे पत्ते झेपतात ते सांगणारी, ओळही नको. मग कर्नल तुमच्या 64 बिटांच्या कार्डाला 32 बिटांचंच समजेल आणि 4 जीबीच्या वरचे बफर (आयओएमएमयू मघाशी बंद केलंत ना!) बाउन्स बफरमधून (कार्डाला पोहोचता येईल अशा मधल्या जागेतून) कॉपी करून फिरवेल. प्रोसेसरची कॉपी करण्यातून सुटका व्हावी म्हणून डीएमए आलं, आता डीएमएसाठी प्रोसेसर कॉपी करत बसेल.

डिस्क्रिप्टरच्या (एकेका डीएमए कामाच्या नोंदींच्या) रांगा सांभाळणारा व्हर्ट-डीएमए हा सामाईक कोड कर्नलमध्ये 2012 पासून आहे. तो वापरला तर स्वतःच्या याद्या आणि टास्कलेट (इंटरप्टनंतर उरलेलं काम उरकणारा कोड) खरोखरच गळून पडतात. पण त्यासाठी आधीचा ड्रायव्हर समजून घ्यावा लागतो, आणि एवढा वेळ आहे कुणाला?

डीएमए डिबगचा पर्याय बंद ठेवा, उगाच इशारे देत राहतो. पॅचच्या मथळ्यात ‘सिम्प्लिफाय’ लिहा, खाली किती ओळी उडवल्या ते अभिमानाने सांगा. ‘आर्मवर चालवून पाहिलंत का?’ असं कुणी विचारलंच, तर ‘कंपाइल होतंय’ म्हणून कळवा.