‘या बजेटमध्ये असंच मिळतं’ हे वाक्य मी आता ऐकून घेणार नाही

काल ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानात तेच वाक्य पुन्हा ऐकलं. भावाला गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवायचाय, त्याच्या सुट्या भागांची आमची यादी दुकानदाराने वरवर बघितली, काउंटरवरून परत सरकवली आणि म्हणाला, “मॅडम, या बजेटमध्ये असंच मिळतं.” असंच म्हणजे काय? तर कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, रॅमची एकच ८ जीबीची पट्टी, आणि नाव मोठं पण आतून कापलेलं ग्राफिक कार्ड, ज्याच्या जोरावर गेम चालतो. पायाची आग मस्तकात गेली माझ्या. महिनाभरातलं हे पाचवं दुकान. पाचही ठिकाणी शब्द थोडे इकडेतिकडे, पण सूर तोच: पैसे कमी आहेत ना, मग जे देतो ते गुपचूप घ्या.

कमी? ५० हजार रुपये आहेत ते. १८ महिने दर महिन्याला २ हजार मी बाजूला टाकले, त्याचे ३६ हजार झाले. उरलेले १४ हजार माझ्या धाकट्या भावाने सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवलेत. कळव्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, रोज संध्याकाळी सात ते नऊ, स्वतःचं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष सांभाळून. त्याला गेम खेळायचे आहेत, हो, गेमच. मामा म्हणाला, गेम खेळायला एवढे पैसे? मी म्हटलं, त्याच्या कष्टाचे आहेत, त्याला हवं ते करू दे. त्या पैशांकडे बघून कुणी मान उडवली की मला सहन होत नाही.

आणि आम्ही काही डोळे मिटून गेलो नव्हतो. दोन महिने वाचून, बघून, भावाने वहीत यादी केली होती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, साधा पण बरा मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई, चांगला एसएमपीएस आणि जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट. मॉनिटर घरी जुना आहे, तो चालेल. त्या वेळच्या दरांनी बेरीज साडेएकोणपन्नास हजारांवर बसत होती. म्हणजे या बजेटमध्ये नीट मशीन होतं. कागदावर होत होतं, दुकानात होऊ दिलं गेलं नाही.

पहिल्या दुकानात आम्हाला काय दाखवलं माहितीये? “आय सेव्हन आहे मॅडम, १६ जीबी रॅम, लाइटवाला कॅबिनेट, सगळं मिळून २२ हजार. उरलेल्या पैशात मोठा टीव्ही घ्या.” भावाने विचारलं, कितव्या पिढीचा आय सेव्हन? दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला. शेवटी कळलं, दुसऱ्या पिढीचा. २०११ चा प्रोसेसर! तो आला तेव्हा पहिली-दुसरीत असलेली पोरं आज कॉलेजात आहेत. सोबत एच ६१ चा बोर्ड, तोही त्याच काळातल्या चिपसेटचा. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भाऊ व्हॅलोरंट नावाचा गेम खेळतो. विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, त्या या बोर्डावर येणार कुठून? यातलं एक अक्षर दुकानदाराने सांगितलं नाही. विचारलं नसतं तर ‘आय सेव्हन’ हे दोन शब्द ऐकून आम्ही घेऊन आलो असतो. किती आईबाप असेच घेऊन जात असतील. पोरगा हट्ट करतोय, दुकानदार म्हणतोय सगळ्यात भारी प्रोसेसर आहे, आणि घरी आल्यावर गेम उघडतच नाही. मग ओरडा कुणाला बसतो? पोराला.

जुनं विकू नका असं मी म्हणत नाही. जुनं म्हणून विका. पिढी सांगा, वर्ष सांगा, काय चालेल आणि काय चालणार नाही ते सांगा. ज्याला टायपिंग आणि हिशेब करायचा आहे त्याला ते मशीन पुरेल. पण त्यावर चार रंगीत पंखे लावून त्याला ‘गेमिंग पीसी’ म्हणणं ही सरळ फसवणूक आहे.

नावांचा घोळ तर डोकं फिरवतो. आरटीएक्स ३०५० हे एकच कार्ड आहे असं तुम्हाला वाटत असेल. नाही. २०२२ साली आलं ते ८ जीबीचं, २५६० कोअरचं (कोअर म्हणजे काम करणारे छोटे भाग), मेमरीची वाट १२८ बिटची. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाने ६ जीबीचं आलं, त्यात कोअर २३०४ आणि मेमरीची वाट ९६ बिटची. नुसती मेमरी २ जीबीने कमी केली असं नाही, कार्डच कापलंय. तरी नाव तेच. दुकानदार म्हणतो, “३०५० आहे, सगळे गेम चालतात.” जीटी १०३० या कार्डाची गोष्ट याहून वाईट. जीडीडीआर ५ जातीच्या मेमरीवालं कार्ड सेकंदाला ४८ जीबीच्या वेगाने मेमरी वाचतं, आणि डीडीआर ४ वालं तेच नाव लावून जेमतेम १६.८ जीबीने. एक तृतीयांश! प्रोसेसरमध्येही हेच. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्यात आकड्यात १०० चा फरक दिसतो, पण ५५०० मध्ये कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिकची सोय नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. वाशीच्या दुकानदाराने आम्हाला १२४००एफ देऊन वर सांगितलं, “कार्ड चार महिन्यांनी घ्या, तोवर असंच चालवा.” काय चालवायचं? काळा पडदा?

मी हे सगळं विचारत होते तेव्हा तो उत्तर भावाकडे बघून देत होता. प्रश्न माझा, पैसे माझे, यादी माझ्या हातात. आणि मला म्हणाला, “तुमच्या भावाला कळतंय सगळं, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” भाऊच म्हणाला, “ताईला उत्तर द्या, ती विचारतेय.” तेव्हा कुठे मान माझ्याकडे वळली.

आता एसएमपीएस. यावरून माझं सगळ्यात जास्त भांडण झालं, कारण बाकीच्या चुकांनी फक्त पैसे जातात, याने अख्खं मशीन जाऊ शकतं. एक दुकानदार कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस फुकट देत होता, त्याच्यावर ठळक अक्षरात ‘४५०’ लिहिलेलं. मी तो बॉक्स मागून घेतला, पत्र्याचा डबा उलटा केला आणि बाजूचं लेबल वाचायला लागले. अक्षरं इतकी बारीक की मोबाईलचा कॅमेरा झूम करावा लागला. १२ व्होल्टच्या रकान्याखाली १५ अँपिअर. १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॉट. संपलं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघांनाही वीज मुख्यतः या १२ व्होल्टमधूनच लागते. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट मागतं. रायझन ५६०० चा आकडा ६५ वॉटचा, जोर लावला की त्याहून वर जातो. बेरीज २०० च्या घरात गेली, पंखे आणि बाकीचं अजून मोजलंच नाही. हा हिशेब मी त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच पेनाने, त्याच्याच बिलबुकाच्या मागे मांडून दाखवला. डबा हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटावं. कार्डाला लागणारी ८ पिनची वायरही त्यात नव्हती, “जोडायला बारीक वायर देतो, काही होत नाही हो,” म्हणाला.

काही होत नाही? आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दादाचा असाच फुकटातला एसएमपीएस मे महिन्यात फट्कन आवाज करून गेला, सोबत बोर्ड घेऊन गेला. जळका वास जिन्यात संध्याकाळपर्यंत होता. हजार-दीड हजार वाचवायला जाऊन त्याचे बारा हजार गेले. आणि जिथून घेतला त्यांनी वर तोंड करून सांगितलं, तुमच्या लाइटचा प्रॉब्लेम असेल.

कॅबिनेटचंही तेच. समोर अख्खी काच, आत पंखे लखलखतायत, हवा आत यायला बोटभर फट नाही. एप्रिल-मेमध्ये कळव्यात पंख्याखाली बसून घाम निथळतो, त्या काचेच्या पेटीत कार्डाचं काय होणार? जाळीवालं मागितलं की म्हणतात, “ते दिसायला साधं आहे.” असू दे साधं. आम्हाला ते दिवाणखान्यात शोभेला ठेवायचं नाहीये.

दुकानदारांवर चिडून झालं की सल्ला देणाऱ्यांवर चिडते. कुणालाही यादी दाखवा, एकच उत्तर. “अजून फक्त २ हजार टाक, बोर्ड चांगला येईल.” “फक्त ५ हजार टाक, वरचं कार्ड येईल.” “आणि मग प्रोसेसर कमी पडेल, तिथे फक्त ४ टाक.” ही सगळी ‘फक्त’ मिळवून माझा अर्ध्या महिन्याचा पगार होतो! ५० हजार सांगितले की ५० हजारांत बसवून दाखवा. येत नसेल तर गप्प बसा. ज्याच्या घरात ‘फक्त ५ हजार’ नावाची वस्तूच नसते, त्याला तो शब्द किती लागतो हे यांना कधी कळणार?

आणि या सगळ्यात रॅम. आम्ही यादी केली तेव्हा दोन पट्ट्यांची जोडी ३,४०० ला मिळत होती. दिवाळीनंतर विचारलं तर ९ हजार. मला वाटलं, हा एकटाच लुटतोय. पुढच्या दुकानात तोच भाव. जगात मेमरीची चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि आता एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना हवा तेवढा माल आधी जातो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे कुठेतरी परदेशात कोठारं भरतायत, आणि कळव्यातल्या पोराने त्यासाठी आणखी दोन मुलं शिकवणीला घ्यायची. घेतली त्याने. रात्री दहाला घरी येतो आता.

भाव वाढले ते दुकानदाराच्या हातात नाही, मान्य. पण “रॅम एकटी देणार नाही, पूर्ण सेट आमच्याकडूनच घ्या” ही अडवणूक त्याच्या हातात आहे. “सध्या एकच पट्टी घ्या, काही फरक पडत नाही” हे खोटंही त्याच्याच हातात आहे. एका पट्टीवर मेमरीची एकच वाट चालते, दोन लावल्या की दोन. गेममध्ये तो फरक दिसतो. आणि “बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील” हेही त्याचंच. वाचतील आणि उद्या कार्ड बंद पडलं की सर्व्हिस सेंटरवाला पहिला शब्द उच्चारेल तो ‘बिल’. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरचा बाजार आहे, तिथे एकाने तर वापरलेलं कार्ड पुसून-बिसून पुढे केलं आणि म्हणे सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी आहे. आठव्या दिवशी ते गेलं तर आम्ही काय करायचं ते सांगा ना.

बरं, तिथे जाणं म्हणजे तरी सोपं आहे का? माझी नोकरी ऐरोलीत, सुट्टी रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद. म्हणजे महिन्यातले दोन शनिवार. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून फास्ट पकडून दादर, दादरचा तो पूल तुडवत वेस्टर्नला, मग ग्रँट रोड. दिवस जातो. गेल्या खेपेला कार्ड आणि एसएमपीएस घेतला, दोन्हींचं पक्कं बिल घेऊन. ६५० वॉटचा, १२ व्होल्टचा आकडा वाचूनच घेतला. येताना दोन्ही बॉक्स पोटाशी धरून लेडीज डब्यात उभी होते, ठाण्यापर्यंत बसायला जागा नाही. त्या बॉक्सला धक्का लागू नये म्हणून मी दारातल्या बाईशी भांडले, त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

आता कार्डाचा बॉक्स कपाटावर आहे. भाऊ शिकवणीवरून आला की तो खाली काढतो, उघडतो, बघतो आणि परत ठेवतो. प्रोसेसर-बोर्डाचे पैसे आहेत, कॅबिनेट लाइट नसलेलं स्वस्तातलं ठरवलंय. अडलंय रॅमवर.

येत्या शनिवारी पुन्हा ग्रँट रोडला जातेय. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाच्या, एकाच किटमधल्या, सीलबंद, पक्क्या बिलावर. नसेल तर नाही म्हणा, मी पुढच्या दुकानात जाईन. पण कुणी एक पट्टी हातात ठेवून ‘या बजेटमध्ये असंच मिळतं’ म्हणालं, तर त्याच्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मी एसएमपीएसचं लेबल मोठ्याने वाचून दाखवणार आहे.